कोटेशन आणि परिमाणव्रत

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पालिकेच्या पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण कॉम्प्युटर असेंबल करायला निघालेला माणूस अजूनही १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचेच नाव घेतो. कुठल्याही काउंटरवर उभे राहा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बजेट किती?’

गिऱ्हाईक म्हणते, पस्तीस हजार. दुकानदार पॅडवर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट अशा ओळी खरडतो, कॅल्क्युलेटर बडवतो आणि कागद फिरवून समोर सरकवतो. बेरीज साडेछत्तीस. ‘दीड हजारानं काय होतंय साहेब, पाच वर्षं बघायला नको.’ साडेछत्तीसला मान हलली की एकोणचाळीसला पुढचा प्रोसेसर मिळतो, आणि बेचाळीसच्या घरात ग्राफिक्स कार्डाचा विषय निघतो. दुकानदार लबाड असतोच असे नाही. प्रत्येक पायरीवर त्याचे म्हणणे खरेच असते. वाढीव दीड हजारात मिळणारी वस्तू बहुतेक वेळा दीड हजाराहून जास्त मोलाची असते. पंचाईत एवढीच, की पायऱ्या संपत नाहीत.

मग ‘पुरे’ कुठे म्हणायचे? आणि ते ठरवायचे कुणी, खिशाने, कामाने की मनाने?

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. पण भारतात त्याचा सर्वांत बारीक विचार केला तो जैन आचार्यांनी, आणि तोही धर्माचा प्रश्न म्हणून. मुनीसाठी अपरिग्रह हे पाचवे महाव्रत, त्याने काहीच जवळ बाळगायचे नाही. संसारी माणसाला हे झेपणारे नव्हे हे ओळखून श्रावकासाठी त्याचे अणुव्रत केले गेले: परिग्रह-परिमाण. बाळगा, पण किती बाळगणार ते आधी ठरवा आणि ठरवलेल्या रेषेपुढे जाऊ नका. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य, नोकरचाकर, गुरे, भांडीकुंडी, ज्याची त्याची मर्यादा वेगळी बांधायची.

श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग या आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद नावाच्या गृहस्थाची कथा येते. त्याने महावीरांसमोर श्रावकाची व्रते घेतली. त्याने बांधून घेतलेली मर्यादा वाचताना आजचा वाचक दचकतो: चार कोटींचे धन तिजोरीत, चार कोटींचे व्याजावर, चार कोटींचे घरसंसारात, दहा-दहा हजार गुरांचे चार कळप, पाचशे नांगर. आणि त्याच यादीत पुढे दात घासायला फक्त ओल्या ज्येष्ठमधाची काडी, अंघोळीला आठ घागरी पाणी, अंगावर वस्त्रांची एकच जोडी. रॅम आणि एसएसडीच्या गप्पांत व्रते कशाला ओढायची, असे कुणाला वाटत असेल तर त्याने ही दातणाची काडी लक्षात ठेवावी. व्रत किती बारक्या वस्तूपर्यंत न्यायचे, याबद्दल त्या ग्रंथकर्त्याच्या मनात कसलाही संकोच नव्हता.

आता यावर रास्त शंका अशी, की ज्याच्याकडे बारा कोटी आहेत त्याने बारा कोटींची मर्यादा घातली तर त्यात त्याग कसला? आणि पस्तीस हजार घेऊन आलेल्या कॉलेजच्या मुलाची मर्यादा तर त्याने घातलेलीच नाही. ती वडिलांच्या पगाराने घातली आहे. नाइलाजाला व्रत म्हणायचे का?

शंकेच्या दुसऱ्या भागाचे उत्तर उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सापडते. परिग्रहाची व्याख्या तिथे वस्तूंच्या मोजदादीवर केलेली नाही, आसक्तीवर केली आहे. त्यामुळे ज्याच्याकडे काहीच नाही पण जो रात्र रात्र जागून लाखभराच्या ग्राफिक्स कार्डाचे व्हिडिओ बघतो, तो या व्याख्येत परिग्रहीच ठरतो. उलट दीड लाख सहज खर्चू शकणारा माणूस आपले काम पन्नासात भागते म्हणून पन्नासावर थांबला, तर त्याने व्रत पाळले. कॉलेजच्या मुलालाही ही वाट मोकळी आहे. खिशात पस्तीस असताना त्याने कामाचा विचार करून बत्तीसचा आकडा धरला आणि त्यावर टिकला, तर ती मर्यादा वडिलांच्या पगाराची राहत नाही, त्याची होते. शंकेचा पहिला भाग मात्र शिल्लक राहतो. श्रीमंताचे व्रत स्वस्त पडते, ही टीका या परंपरेला पुरती झटकता आलेली नाही. तिच्या बाजूने इतकेच म्हणता येते, की आनंद श्रावकाने त्या दिवसानंतरची वाढ सोडली, आणि व्यापाऱ्याला वाढ सोडणे शिल्लक सोडण्याइतकेच जड जाते.

या विषयातला सर्वांत मजेदार भाग पुढे आहे. बाराव्या शतकात पाटणच्या गादीवर कुमारपाळ सोळंकी होता. त्याच्यासाठी आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्र लिहिले आणि त्यावर टीकाही स्वतःच लिहिली. पाचव्या व्रतातून लोक पळवाटा कशा काढतात हे सांगताना त्यांनी पाच नावे दिली आहेत: बंधन, भाव, गर्भ, योजन आणि दान. आयुष्य व्यापाऱ्यांच्या शेजारात काढल्याशिवाय अशी यादी सुचत नाही. लॅमिंग्टन रोडवर तासभर थांबले तर पाचही पळवाटा एकामागोमाग एक समोरून जाताना दिसतील.

योजन म्हणजे जोडणे. ‘एकच शेत ठेवीन’ असे व्रत घेतलेला शेजारचे शेत विकत घेतो आणि मधला बांध काढून टाकतो. शेत एकच राहिले, मोजून घ्या. दुकानात याला कॉम्बो म्हणतात. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर एका ओळीत लिहिले की त्या ओळीतले नको असलेले काय, हे दिसेनासे होते.

बंधन म्हणजे बांधून ठेवणे. धान्याची मर्यादा भरली. कुणी आणखी देऊ केले तर घ्यायचे, पण व्रताची मुदत संपेपर्यंत त्याच्याच घरी बांधून ठेवायचे. आजचे बंधन म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’. वस्तू आज घरात, खर्च पुढच्या नऊ महिन्यांच्या कोठारात, आणि आजचे बजेट कागदावर शाबूत.

भाव ही पळवाट भांड्यांची आहे. भांडी दहा म्हणजे दहाच. पण दोन वितळवून एक मोठे करायचे, आणि मग दहा भरेपर्यंत पुन्हा जागा मोकळी. कार्ड ‘एकच’ घ्यायचे ठरवून निघालेला माणूस हेच करतो. रेडिऑन आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे कार्ड. त्याला ४५० वॅटचा सप्लाय पुरतो असे खुद्द एएमडी सांगते. तिथून जिफोर्स आरटीएक्स ३०६० टीआयवर उडी मारली की कार्ड अजूनही एकच आहे, पण वीज २०० वॅट, शिफारस ६०० वॅटच्या सप्लायची, आणि लांब कार्ड बसेल असे कॅबिनेटही बघावे लागते. संख्या एक, पसारा तिप्पट.

दान या नावाने फसू नये. सोन्याची मर्यादा ओलांडली की जास्तीचे दुसऱ्याकडे ‘ठेवायला’ द्यायचे, म्हणजे आपल्या हिशेबात ते नाही. कोटेशनमधून अशाच रीतीने यूपीएस वडिलांकडे, मॉनिटर दिवाळीच्या भेटीकडे आणि विंडोजचे लायसन्स शून्याकडे जाते. ‘विंडोज टाकून देतो’ हे वाक्य असेंबल्ड कॉम्प्युटरच्या व्यवहारात इतके सराईत झाले आहे, की त्याला किंमत असते हेच गिऱ्हाईक विसरते. पाचवे व्रत सांभाळण्यासाठी तिसरे, म्हणजे अचौर्याचे, मोडण्याचा हा प्रकार. उबुंटू किंवा मिंट फुकट आणि राजरोस मिळत असताना तर त्याचे समर्थन आणखीच लंगडे पडते.

उरला गर्भ, आणि तो सर्वांत अवघड. गाईंची संख्या ठरली आहे. गाभण गाईच्या पोटातले वासरू मोजायचे की नाही? व्रतधारी म्हणतो, अजून जन्मले कुठे? डेस्कटॉपच्या जगात या न जन्मलेल्या वासराला ‘फ्यूचर अपग्रेड’ म्हणतात. आज चार कोअरचा प्रोसेसर, पण बोर्ड मात्र महागातला, कारण दोन वर्षांनी त्यावर मोठा प्रोसेसर चढवायचा आहे. सप्लाय ७५० वॅटचा, कारण कधीतरी कार्ड येणार आहे. खर्च आजच झाला. मालमत्ता भविष्यात जन्मणार.

वासरू कधी कधी खरेच जन्मते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एएमडीचे रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले. त्याच वर्षी साध्या बी३५० चिपसेटचा बोर्ड घेतलेल्यांना पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, बायॉस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता आला. पण आधी एएमडीने त्याला नकार दिला होता आणि मग मत बदलले, हेही त्यात आले. इंटेलच्या गिऱ्हाइकाचे नशीब वेगळे. २०१७ च्या पूर्वार्धात २०० मालिकेतला बोर्ड घेऊन ‘पुढे वाढवू’ म्हणणाऱ्याला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा कळले, की सॉकेट एलजीए ११५१ हेच असले तरी नवा प्रोसेसर जुन्या बोर्डवर चालणार नाही. पाच वर्षांनंतर कोण काय चालू देईल हे गिऱ्हाइकाच्या हाती नसते. म्हणून गर्भाचा हिशेब कडक ठेवावा: जे भविष्यासाठी म्हणून घेतले त्याची किंमत आजच्याच मर्यादेत मोजायची, आणि त्यासाठी आजच्या कामातले काही कमी करावे लागत असेल तर गर्भ सोडायचा.

मर्यादा एकदा पक्की झाली की निवड आश्चर्यकारक सोपी होते. हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९५० च्या दशकात मांडले, की माणसे सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत, शोधूही शकत नाहीत. आपल्या अटींत बसणारा पुरेसा पर्याय मिळाला की थांबतात, आणि हे शहाणपणाचे असते. त्याला १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी, १९५६ मध्ये, याच माणसाने अ‍ॅलन न्यूएल आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत गणिती सिद्धता मांडणारा ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा प्रोग्रॅम तयार केला होता. कॉम्प्युटरला विचार करायला शिकवू पाहणाऱ्यालाच माणसाच्या विचाराची सीमा इतकी नेमकी दिसली, हा योगायोग नसावा.

पुण्यातल्या पेठांमध्ये मराठी पुस्तकांचे डीटीपी करणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. श्रीलिपीचे फाँट, कोरलड्रॉ, कधी फोटोशॉप, आणि काही जणांकडे आजही पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ साली आली. या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोअर आय३-१२१०० घेतला तर चार कोअर, आठ थ्रेड आणि चित्र दाखवण्यापुरते यूएचडी ७३० ग्राफिक्स आतच मिळते. त्याच प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर तो स्वस्त दिसतो, पण आतले ग्राफिक्स बंद असते. वाचवलेले पैसे घेऊन मग कार्डच आणावे लागते. रॅम १६ जीबी, शक्यतो ८ च्या दोन काड्या, म्हणजे दोन्ही चॅनेल वापरले जातात. रायझन ५ ५६००जीसारखा, आतल्याच ग्राफिक्सवर भिस्त असलेला प्रोसेसर असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण तो चित्रासाठीही याच रॅममधून वाटा घेतो. विंडोज आणि फायली एनव्हीएमई एसएसडीवर. उरलेला सगळा पैसा मॉनिटरवर, कारण या माणसाचे डोळे दिवसाचे दहा तास ऱ्हस्व-दीर्घ बघणार आहेत. दुकानातून त्याच पैशांत त्याला रंगीत दिवे लुकलुकणारे काचेचे कॅबिनेट गळ्यात मारले जाते. त्या दिव्यांनी एक वेलांटीही लवकर लागत नाही.

गेम खेळणाऱ्याचा हिशेबही असाच मॉनिटरपासून उलटा करावा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. कार्ड दीडशे तयार करत असेल तर त्यातली नव्वद पूर्णपणे पडद्यावर येतच नाहीत. स्पर्धेत उतरणारे म्हणतील की तरीही कळ दाबल्याचा परिणाम किंचित लवकर दिसतो. खरे आहे, पण पस्तीस हजारांच्या कोटेशनमध्ये तो मुद्दा आणणे म्हणजे पुन्हा पायऱ्या चढणे.

व्रताची गाठ कंजूषपणाशी घालू नये. जैन विचारात पाचही व्रते शेवटी अहिंसेकडे वळतात; जास्त बाळगणे वाईट ते त्यामागे कुणाला तरी इजा होते म्हणून. हा निकष लावला की काटकसर कुठे करू नये तेही कळते. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस बघा. लेबलवर ४५० वॅट ठळक छापलेले असते. पण प्रोसेसर आणि कार्ड चालतात ते मुख्यतः १२ व्होल्टच्या ओळीवर. त्याच लेबलवर बारीक अक्षरात तिथे १८ अँपिअर लिहिलेले असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅटच. ८० प्लसचा शिक्का असला तर बरे, पण २००४ पासून दिला जाणारा तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो; जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेवर बंद पडेल का, ते सांगत नाही. हलका सप्लाय जळताना बोर्ड आणि एसएसडीही सोबत नेऊ शकतो. तिथे वाचवलेले हजार रुपये दुसऱ्या चार वस्तूंच्या जिवावर वाचवलेले असतात.

आणि मेलेल्या वस्तू कुठे जातात? ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. बाकीच्याचा एक वाटा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो, जिथे बोर्ड हाताने फोडले जातात आणि तांब्या-सोन्यासाठी तारा जाळल्या जातात, सर्किट आम्लात धुतले जातात. त्या धुरात काम करणाऱ्याचे नाव कुठल्याही कोटेशनवर नसते. हेमचंद्रांच्या काळी ई-कचरा नव्हता, पण परिग्रह आणि हिंसा यांचे नाते त्यांच्या परंपरेने आधीच जोडून ठेवले होते.

रुपयांतला आकडा एकटा पुरत नाही, हेही दिसून आले आहे. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रूशियल’ या आपल्या किरकोळ ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडण्याची घोषणा केली. ज्याने फक्त पस्तीस हजार ठरवले होते त्याचे व्रत त्याच्या हावेशिवायच मोडले. आनंद श्रावकाने धनाबरोबर गुरे, नांगर आणि दातणही वेगवेगळे मोजले होते, ते उगाच नाही. पैशाच्या जोडीला वस्तूची आणि कामाची मर्यादा लिहिली असेल, १६ जीबी, कार्ड नाही, डीटीपी आणि कॉलेज, तर भाव वाढल्यावर काय सोडायचे आणि किती थांबायचे हे ठरवता येते.

वाचकांपैकी कुणी या दिवाळीत किंवा पाडव्याला कॉम्प्युटर असेंबल करणार असेल, तर त्याने कोटेशन मागण्याआधी घरात असलेल्या वस्तूंची यादी करावी. श्रावकाच्या व्रताची सुरुवातही आहे त्याच्या मोजणीने होते. जुने कॅबिनेट एटीएक्स मापाचे असेल तर नवा बोर्ड त्यात बसतो. जुन्या साटा हार्ड डिस्कवर फोटो आणि बॅकअप ठेवता येतो. कीबोर्ड, माऊस, स्पीकर बदलायचे कारण नसते. मॉनिटर व्हीजीए केबलचा आहे म्हणून दुकानदार तो काढून टाका म्हणाला, तर त्याला सांगावे की स्वस्तातल्या अनेक एच६१० आणि ए५२० बोर्डांवर आजही व्हीजीए पोर्ट येतो; तसला बोर्ड दाखवा.